हाडाची बॉबिन खरंच जुनी आहे का? आधी तिची मान बघा, नाव नंतर वाचा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टनला राहता, तिथल्या कार बूट सेलमधून (लोक गाडीच्या डिकीतून घरचं जुनं सामान विकतात तो बाजार) बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा उचललात, त्यात लेस विणायच्या बॉबिन्स निघाल्या, काही पांढऱ्या आणि त्यांच्यावर ठिपक्याठिपक्यांनी लिहिलेली नावं, काही लाकडाच्या आणि त्यांना राखाडी धातूच्या पट्ट्या, बऱ्याच जणींच्या शेपटाला मण्यांची रिंग. तुम्ही विचारलंय की या खरंच जुन्या आहेत का, पांढऱ्या हस्तिदंताच्या की हाडाच्या, एकीवर 'वर्स्ली' असं काहीतरी वाचता येतंय ती महागातली असते असं कोणीतरी सांगितलं ते खरं का, आणि साफसूफ करून पुण्याला आईकडे पाठवल्या तर चालेल का. फोटो सगळे बघितले. उत्तर लांब होणार आहे, आधीच सांगते.

बाकीच्यांसाठी पटकन, ही शिलाई मशीनची बॉबिन नव्हे. हाताने लेस करताना गवत ठासून भरलेली टणक उशी असते, तिच्यावर भोकं पाडलेला नकाशा, भोकांत टाचण्या, आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला एक बॉबिन, नेहमी जोडीने. ही हिच्यावरून, ती तिच्यावरून, पीळ देत देत टाचण्यांभोवती लेस तयार होत जाते. अरुंद पट्टी थोड्या जोड्यांत होते, रुंद कामाला शंभराच्या वर बॉबिन्स सहज लागतात. म्हणजे बॉबिनला कामं तीन, धागा गुंडाळून ठेवणं, धागा ताणलेला राहावा म्हणून वजन देणं, आणि बाईच्या बोटांना धरायला दांडी देणं. जुनी बॉबिन ओळखायची म्हणजे ही तीन कामं तिच्या अंगावर कुठे कुठे उमटलीत ते शोधायचं, बस. नाव, रंग, मणी, धातू हे सगळं नंतर. लोक नेमकं उलट करतात, आधी नाव वाचतात आणि खुश होऊन पैसे देऊन मोकळे होतात.

आता तुमचा डबा. तुम्ही राहता तो भाग म्हणजे बॉबिन्सचं माहेरच आहे. नॉर्दॅम्प्टनशर, बेडफर्डशर आणि बकिंगहॅमशर हा तीन काउंट्यांचा, म्हणजे जिल्ह्यांचा पट्टा, इथे ज्या बॉबिन्स व्हायच्या त्यांना ईस्ट मिडलंड्सच्या म्हणतात. साधारण नऊ-दहा सेंटीमीटर लांब, बारीक दांडी, वरच्या टोकाला डोकं, त्याखाली एक आखूड मान आणि मग एक लांब मान. धागा लांब मानेवर गुंडाळतात आणि सुटू नये म्हणून आखूड मानेवर त्याचा फास टाकतात. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे शेपटाच्या भोकातून ओवलेली तारेची रिंग आणि तिच्यात मणी. याला स्पँगल म्हणतात. स्पँगल शोभेला नाही हो. दांडी इतकी बारीक आणि हलकी की धागा ताणायला तिचं वजन पुरत नाही, आणि गोल असल्यामुळे उशीवरून घरंगळते. मण्यांनी वजनही येतं आणि घरंगळणंही थांबतं.

स्पँगल नाही म्हणून बॉबिन जुनी नाही असं मात्र समजू नका. डेव्हनमधल्या हॉनिटनच्या लेसला स्पँगल चालतच नाही, कारण तिथे लेसचे तुकडे एकमेकांना जोडताना बारीक आकड्याने धाग्याचा फास वर काढून त्यातून अख्खी बॉबिन पार करावी लागते, मणी असतील तर अडकणारच. म्हणून त्या बॉबिन्स सडपातळ, गुळगुळीत, शेपटाला टोकदार. जुन्यांच्या अंगावर कोरून लाल-काळ्या रंगाने भरलेली नक्षी असते, जहाजं, मासे वगैरे, तो समुद्राकाठचा भाग आहे. बेल्जियमच्या बॉबिन्सना शेपटाकडे लाकडाचाच फुगीर गोळा असतो, वजन त्यातच आलं. जर्मनीतल्या एर्झगेबिर्ग डोंगराळ भागातल्यांना धाग्यावर सरकणारी लाकडी टोपी असते, हाताचा घाम आणि मळ धाग्याला लागू नये म्हणून. खुद्द बकिंगहॅमशरच्या दक्षिणेला पण बिनमण्यांच्या जाड ठेंगण्या बॉबिन्स आहेत, त्यांना थम्पर म्हणतात. तुमच्या फोटोतली ती कोपऱ्यातली जाडी तीच असावी, तिला कोणी विचारत नाही, पण ठेवा.

आणि त्याच फोटोत खाली दोन पितळी चपट्या चकत्या दिसतायत ना, त्या हाताच्या लेसच्या नाहीतच. त्या मशीनच्या लेसच्या बॉबिन्स आहेत. जॉन हीथकोटने १८०९ मध्ये जाळीच्या मशीनचं पेटंट घेतलं, त्यानंतर १८१३ च्या सुमारास नॉटिंगहॅमला जॉन लेव्हर्सचं मशीन आलं, त्यात अशा पातळ चकत्या धाग्यांमधून मागेपुढे जातात. गंमत अशी की ज्या वस्तूने तुमच्या डब्यातल्या बाकीच्यांचा धंदा बसवला तीच त्यांच्याबरोबर एका डब्यात आलीय. आपल्याकडेही जुन्या बाजारात गिरण्यांमधल्या वीत-वीतभर लाकडी बॉबिन्स, टोकाला पत्रा मारलेल्या, 'अँटिक लेस बॉबिन' म्हणून ऑनलाइन टाकतात. त्या मागाच्या असतात, लेसशी संबंध शून्य.

बरं, वय. आधी मान बघा, आणि नुसत्या डोळ्याने नाही, दहापट भिंग घ्या, ज्वेलर्सचं, फार महाग नसतं. बॉबिन वर्षानुवर्षं चालली असेल तर लांब मानेच्या दोन्ही कडा, जिथे गुंडाळलेला धागा अडतो, तिथे गोलसर झालेल्या असतात, आणि आखूड मानेवर फासाच्या बारीक रेघा पडलेल्या असतात, एकाच दिशेने तिरक्या. नवीन बॉबिनची मान लेथवरून उतरल्यासारखी कडक राहते. मग शेपटाचं भोक. तारेची रिंग सतत हलत असते, म्हणून विहिरीच्या काठाचा दगड जसा दोराने झिजतो तसं ते भोक एका बाजूने ओढल्यासारखं लांबट होतं, कधीकधी तर इतकं की शेपूट फाटायच्या बेताला आलेलं असतं. भोक चक्क गोल आणि कडा धारदार, पण मणी मात्र शंभर वर्षं जुने दिसतायत, असं असेल तर मणी दुसरीकडून आलेत किंवा बॉबिन नवीन आहे. तिसरं, दांडीचा मधला भाग. बोटं तिथेच लागतात. तिथे चकाकी वेगळी असते, वार्निशची नाही, हाताळण्याची, आणि ती एका पट्ट्यात असते. पूर्ण बॉबिन डोक्यापासून शेपटापर्यंत सारखीच चमकत असेल तर ती पॉलिशची चमक.

तुमचा तिसरा फोटो याचं छान उदाहरण आहे म्हणून जरा त्यावर थांबते. पांढरी हाडाची, 'एलायझा' असं नाव, अक्षरं गोल गोल फिरत शेपटाकडून मानेकडे चढत गेलीत. पहिल्या दोन अक्षरांतला लाल रंग ठिपक्यांत अजून भरलेला आहे, मधल्या अक्षरांत फक्त तळाशी काळपट उरलाय, आणि शेवटच्या अक्षरात परत लाल दिसतो. म्हणजे मधे बोटं लागत होती. शिवाय दांडी किंचित वाकलीय, टेबलावर ठेवली तर मधे उजेड दिसेल, हाड जुनं झालं की बरेचदा असं वाकतं. तार हिरवट पडलीय आणि भोक लांबट आहे. या चार गोष्टी एकत्र मुद्दाम करणं फार कटकटीचं आहे आणि 'एलायझा' नावासाठी एवढी कटकट कोणी करत नाही. ही शंभर टक्के १९व्या शतकातली धरा.

हाड की हस्तिदंत, तर तुमच्या सगळ्या पांढऱ्या हाडाच्याच दिसतायत. बहुतेक गुराढोरांच्या पायाच्या नळीची हाडं वापरायचे, स्वस्त आणि सरळ. भिंगातून बघाल तर हाडात लांबीच्या दिशेने बारीक काळपट रेघा-ठिपके दिसतील, त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या, आणि डोक्याच्या आडव्या कापावर त्याच नळ्यांचे टिंब. हस्तिदंतात हे नसतं, त्याच्या आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या कमानींची जाळी असते, पण इतक्या बारीक वस्तूवर ती दिसणं अवघड, म्हणून मी 'नळ्या दिसल्या की हाड' हाच नियम धरते. प्लॅस्टिक असेल तर गालाला लावून बघा, हाड गार लागतं, प्लॅस्टिक लागत नाही, आणि साच्याची शिवण कुठेतरी सापडते. तापवलेली सुई टोचून बघा हा सल्ला कुठे वाचलात तर कृपा करून करू नका, हाडावर कायमचा डाग पडतो आणि सेल्युलॉइड हे जुन्या काळचं प्लॅस्टिक निघालं तर ते चक्क पेट घेतं. हस्तिदंताचा प्रश्न फक्त हौसेचा नाही, इथे ब्रिटनमध्ये आयव्हरी ॲक्ट २०१८ हा हस्तिदंताचा कायदा ६ जून २०२२ पासून लागू आहे, हस्तिदंताची खरेदी-विक्री जवळपास बंदच आहे आणि सवलती अगदी मोजक्या. त्यामुळे विकणारा 'आयव्हरी बॉबिन' म्हणून जाहिरात करत असेल तर एकतर त्याला हाड ओळखता येत नाही किंवा कायदा माहीत नाही, दोन्हीकडून आपण लांब.

आता नावांकडे. हाडावर बारीक ड्रिलने ठिपके पाडून, त्यांत लाल, निळा, काळा, कधी हिरवा रंग भरून लिहायचे. सर्वात जास्त सापडतात ती साधी पहिली नावं, मेरी, ॲन, जॉन, विल्यम. प्रियकराने द्यायच्या, आईने मुलीला द्यायच्या, कोणी गेलं तर आठवण म्हणून त्याचं नाव आणि साल. काही चावट पण असतात, 'मला पटकन मुका दे' छापाच्या, आणि अंगठी घे असं सुचवणाऱ्या. दिवसभर वाकून बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर हीच नावं असायची, म्हणून हा प्रकार इतका चालला असावा असं मला वाटतं. स्पेलिंग बिनधास्त चुकलेलं असतं, उलटा एन तर नेहमीचा, त्यामुळे चूक दिसली म्हणून नकली म्हणू नका. आणि सालावरून वय काढताना जरा सांभाळून, साल हे जन्माचं किंवा मृत्यूचं असू शकतं, बॉबिन त्यानंतर केव्हाही झालेली असेल. तसंच तुमच्या डब्यात १९७७ आणि १९८१ लिहिलेल्या दोन आहेत त्या अर्थात राणीचा रौप्यमहोत्सव आणि चार्ल्स-डायनाचं लग्न. १९७० नंतर इथे हौशी लेसवाल्यांची मोठी लाट आली, लेस गिल्ड ही त्यांची संघटना १९७६ ला निघाली, आणि नव्या कातारींनी भरपूर बॉबिन्स बनवल्या, हाडाच्याही. त्या नकली नाहीत, फक्त नवीन आहेत, बऱ्याच जणांनी त्यावर स्वतःची खूणही घातलीय. पण डब्यात मिसळल्या की सगळं 'अँटिक' म्हणून खपतं.

जुन्यांचा मोठा साठा १९व्या शतकातला का, तेही सांगते कारण त्याने अंदाज बांधायला मदत होते. या भागात पाच-सहा वर्षांच्या पोरींना लेस स्कूलमध्ये बसवायचे, शाळा नावाची, शिकवायचे काय तर बॉबिन चालवायला, आणि टाचण्या मोजायच्या लयीत गाणी म्हणायला लावायचे म्हणजे वेग टिकतो. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात माल्टाची लेस गाजली आणि बेडफर्डशरने तसलीच वेण्या-पानांची जाडसर लेस उचलली, ती पटकन होते, मशीनशी थोडी टक्कर देता येते. तेवढ्याने किती दिवस निभावणार. १८६७ च्या वर्कशॉप्सच्या कायद्याने लहान मुलांच्या कामावर बंधनं आली, १८७० च्या एज्युकेशन ॲक्टने पोरं खऱ्या शाळेत गेली, नवीन हात यायचे थांबले, मशीनची लेस स्वस्त होतच होती. शतक संपता संपता बॉबिन कातणाऱ्याला गिऱ्हाईक उरलं नाही. म्हणून नाव लिहिलेली, वापरलेली हाडाची बॉबिन असेल तर तिचं वय बहुतेक त्या शंभर वर्षांतच बसतं.

आता वर्स्ली. तुम्हाला ज्याने सांगितलं त्याचं अर्धं बरोबर आहे. बेडफर्डच्या तुरुंगात फाशी झाली की बॉबिन कातणारे फाशी गेलेल्याचं नाव, 'हंग' हा शब्द आणि साल घालून बॉबिन्स बनवायचे आणि त्या विकल्या जायच्या. जोझेफ कॅसल, १८६०, बायकोला मारलं म्हणून. विल्यम वर्स्ली, १८६८, ल्यूटनमधल्या खुनासाठी, ती बेडफर्डची शेवटची जाहीर फाशी, कारण त्याच वर्षी कायद्याने जाहीर फाशी बंद झाली. आणि तरीही १८७१ ला विल्यम बुलला तुरुंगाच्या भिंतीआड फाशी दिली तेव्हाही त्याच्या नावाच्या बॉबिन्स निघाल्याच, बघायला कोणी नव्हतं तरी गिऱ्हाईक होतं. या फाशीच्या बॉबिन्सना संग्राहक शेकडो पौंड मोजतात आणि म्हणूनच खोटेपणा इथे सर्वात जास्त. वर्स्ली हे साधं आडनाव पण आहे, नुसतं आडनाव असेल तर ती कोणाच्या तरी घरची बॉबिन, 'हंग' आणि १८६८ दोन्ही असेल तरच पुढचं बोलायचं.

आणि असलं तरी लगेच उड्या मारू नका. खोट्याची नेहमीची पद्धत अशी की बॉबिन खरी जुनी, कोरी हाडाची, घ्यायची आणि तिच्यावर आज ठिपके पाडायचे. मग मान झिजलेली, भोक लांबट, दांडी वाकलेली, सगळ्या परीक्षा पास. पकडायचं ते ठिपक्यात. जुन्या ठिपक्याची कड बोटांनी मऊ झालेली असते, आत तळाशी मळ रंगात मुरलेला असतो, आणि दांडीची झीज अक्षरांवरून गेलेली असते, म्हणजे मधली अक्षरं उथळ झालेली. नव्या ठिपक्याची कड भिंगात धारदार दिसते, कधी पांढरा भुगा चिकटलेला, हाडाचा वरचा पिवळसर थर कापून आतलं पांढरं हाड कडेला उघडं पडलेलं. तुमच्या फोटोत वर्स्लीचा लाल रंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा भडक आहे, एलायझाच्या अगदी उलट, आणि ते मला आवडलेलं नाही. फोटोवरून याच्यापुढे बोलणार नाही.

कोणी बनवली हे कळतं का? काही वेळा हो. डीनशँगरचे जेसी कॉम्प्टन आणि त्यांचा मुलगा जेम्स, क्रॅनफिल्डचा विल्यम ब्राऊन ज्याला 'बॉबिन ब्राऊन' म्हणायचे, हॅस्किन्स आणि ॲबट ही घराणी, अशी नावं माहीत आहेत. डेव्हिड आणि क्रिस्टीन स्प्रिंगेट या जोडप्याने शेकडो बॉबिन्स एकमेकींशेजारी ठेवून, जनगणनेच्या नोंदी चाळून, कोणाची कुठली हे लावत नेलं. ओळखायचं ते नावावरून नाही तर डोक्याच्या आकारावरून, मानेखालच्या कड्यांवरून, शेपूट कसं संपवलंय त्यावरून, अक्षरं कुठल्या दिशेने चढतात आणि रंग कसे आलटतात यावरून. एका कारागिराचं तर नाव मिळालंच नाही, त्याच्या शेपटाच्या बोथट टोकावरून त्याला 'ब्लंट एंड मॅन' म्हणतात. तुम्हाला प्रत्यक्ष तुलना करायची असेल तर बेडफर्डचं हिगिन्स आणि ऑलनीचं कूपर अँड न्यूटन म्युझियम दोन्ही तुमच्यापासून फार लांब नाहीत, आधी फोन करून लेसचं काय काय मांडलंय ते विचारून जा.

लाकडाच्यांबद्दल मला जास्त बोलायला आवडतं कारण त्यांना कोणी भाव देत नाही आणि म्हणून त्या प्रामाणिक असतात. आलुबुखार, सफरचंद, चेरी अशी फळझाडं, बॉक्सवुड, मेपल, जे हाताशी असेल ते कातायचे. राखाडी पट्ट्या म्हणजे प्युटर, कथलाचा मिश्रधातू, खाचा पाडून त्यात वितळवून ओततात. आडव्या पट्ट्या असतील तर 'टायगर', ठिपके असतील तर 'लेपर्ड', पंख पसरल्यासारखे तुकडे असतील तर 'बटरफ्लाय', पूर्ण साधी बारीक असेल तर 'ओल्ड मेड', बिचारी. जुन्या प्युटरमध्ये शिसं असतं, ते भुरभुरतं, पांढरट-राखाडी पावडर दिसली तर हात धुवा आणि लहान मुलांना तोंडात घालू देऊ नका. प्युटर गळून गेलं की नुसत्या खाचा उरतात, आणि लोक त्याला 'नक्षीची बॉबिन' म्हणून विकतात. खाचेचा तळ खरखरीत असेल, कोपऱ्यात धातूचा कण अडकलेला असेल तर तिथे प्युटर होतं. वेगळ्या रंगाच्या लाकडाचे तुकडे बसवलेली असेल तर तिला 'बिटेड' म्हणतात.

तुमच्या डब्यातली मला सगळ्यात आवडलेली म्हणजे सातव्या फोटोतली, दांडीत उभ्या खिडक्या आणि आत काहीतरी हलतंय असं तुम्ही लिहिलंय. ते काहीतरी म्हणजे मूल आहे. दांडी पोकळ करून तिला खिडक्या पाडायच्या आणि आत इवलीशी बॉबिन सोडायची, हिला 'मदर अँड बेब' म्हणतात. खिडक्या आहेत पण मूल नाही तर 'चर्च विंडो'. तिसरा एक प्रकार बाहेरून साधा दिसतो पण ओढला की दोन भाग होतात आणि खालच्या भागाला छोटी बॉबिन चिकटलेली असते, त्याला 'काऊ इन काफ', गाभण गाय. तुमच्या घट्ट बसलेल्या जाड बॉबिनच्या मधे केसासारखी रेघ दिसत असेल तर ती हीच असू शकते, पण पिरगळून उघडायला जाऊ नका, लाकूड फुगलेलं असतं आणि तुटतं ते नेमकं मूल.

मणी. सगळ्यात जास्त दिशाभूल मणीच करतात कारण तार तुटते, लेसवाली तिथल्या तिथे नवीन तार घालून हाताशी आहेत ते मणी ओवते, त्यामुळे जुन्या बॉबिनवर नवे मणी आणि उलट, दोन्ही सर्रास. जुन्या पद्धतीत दोन्ही बाजूंना चौकोनी मणी असतात, त्यांना 'स्क्वेअर कट' म्हणतात, काच गरम असताना कानशीसारख्या खरखरीत पट्टीने दाबलेले, त्यामुळे त्यांच्या बाजूंवर आडव्याउभ्या बारीक रेघा उमटलेल्या असतात आणि दोन मणी कधी सारखे नसतात. खाली मधोमध एक मोठा मणी. राखाडी मण्यावर पांढरे-लाल ठिपके असतील तर त्याला 'किटी फिशरचे डोळे' म्हणतात, ही १८व्या शतकातली लंडनमधली गाजलेली बाई, जोशुआ रेनल्ड्सने तिची चित्रं काढलीत. शिवाय बटणं, शिंपले, छोटी पदकं, नाणी काहीही अडकवायचे. नाणं असेल तर त्याच्यावरचं साल फक्त एवढंच सांगतं की तार त्याच्या आधी ओवलेली नाही. आजच्या स्पँगलमध्ये आपल्या भारतातले काचेचे मणी खूप दिसतात, सगळे एकसारखे, तेलकट चमकणारे, ते एकदा ओळखता यायला लागले की डब्यातून नवे वेगळे काढणं सोपं जातं. पण नवे आहेत म्हणून जुन्या बॉबिनचे मणी तोडू नका, तार एकदा कापली की पुरावा गेला.

साफसफाई. कमीत कमी. हाडाला पाणी लावू नका, फुगतं आणि चिरतं आणि ठिपक्यांतला रंग निघून येतो. ब्लीच, टूथपेस्ट, लिंबू हे तर स्वयंपाकघरातच राहू दे. मऊ कोरडा ब्रश, बस. लाकूड कोरड्या सुती फडक्याने पुसा, तेल लावायचा मोह होईल, लावू नका, धूळ धरतं आणि कधी धागा गुंडाळायचा झाला तर तेल धाग्यात उतरतं. पितळी तारेला पॉलिश नको. एखाद्या लाकडी बॉबिनला टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतील आणि खाली पिवळसर ताजा भुगा पडत असेल तर भुंगा जिवंत आहे, तिला झिपच्या पिशवीत वेगळी ठेवा, बाकीच्यांत नको. आणि कृपा करून त्या पत्र्याच्या डब्यात सगळ्या एकत्र खडखडू देऊ नका, प्रत्येकीला आम्लरहित कागदाची गुंडाळी किंवा निदान स्वच्छ सुती कापडाचे कप्पे शिवा. बॉबिनसोबत डब्यात जे काही निघालं असेल, चिठ्ठी, भोकं पाडलेला नकाशा, अर्धवट लेसचा तुकडा, ते टाकू नका, त्याच घरातून आलं असेल तर त्याने बॉबिन्सची ओळख पटते.

पुण्याचं. मी तुमच्या जागी असते तर आईला लाकडी पाठवल्या असत्या आणि पांढऱ्या इथेच ठेवल्या असत्या. भारतात हस्तिदंताचा कायदा फार कडक आहे आणि कस्टम्सच्या टेबलावर उभं राहून हाडातल्या नळ्या भिंगातून दाखवत बसायची वेळ आईवर कशाला आणायची. शिवाय तुमच्या आईंना लेस शिकायचीय असं तुम्ही लिहिलंय, तर त्यांना चालणाऱ्या बॉबिन्स हव्यात, म्हणजे मान शाबूत, कुठे फट नाही, धागा अडकत नाही आणि वजन सगळ्यांचं साधारण सारखं. तुमच्या साध्या लाकडी 'ओल्ड मेड' त्यासाठी एकदम योग्य आहेत, प्युटरवाल्या नकोत, हाताला आणि पांढऱ्या धाग्याला राखाडी लागतं. आणि त्यांना प्रत्यक्ष काम बघायचं असेल तर आपल्याकडे कन्याकुमारी जिल्ह्यात नागरकोइलकडे बॉबिनची लेस आहे, लंडन मिशनरी सोसायटीच्या मिशनऱ्यांच्या बायकांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीला तिकडे शिकवायला सुरुवात केली. आंध्रातल्या नरसापूरची लेस क्रोशाची असते, सुंदर असते पण तिथे बॉबिन दिसणार नाही.

मला अजून दोन फोटो पाठवा. एक वर्स्लीचा, मोबाईल भिंगाला लावून, फक्त मधली दोन अक्षरं, उजेड बाजूने तिरका. दुसरा सगळ्या पांढऱ्या बॉबिन्सची शेपटं एका ओळीत लावून, मणी बाजूला सारून, भोकं दिसतील असा. ते दोन बघितल्याशिवाय मी वर्स्लीची किंमत सांगणार नाही, आणि तोवर तुम्हीही कोणाला विकू नका.